शेजारी आणि घरमालक

मूळ कलाकृती प्रेक्षकाच्या चांगली ओळखीची असल्याखेरीज तिचे विडंबन रंगत नाही. अमेरिकेत ही अट आपोआपच पुरी झालेली होती, कारण तेथील एक सबंध पिढी दूरचित्रवाणीवर फ्रेड रॉजर्स या गृहस्थांसमोर बसून वाढली होती.

रॉजर्स हे प्रेस्बिटेरियन पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक. ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा त्यांचा बालकार्यक्रम पिट्सबर्ग येथे तयार होई व १९६८ पासून तो देशभर दिसू लागला. गाणे म्हणत घरात यावे, कोट उतरवून लोकरीचा स्वेटर घालावा, बूट काढून कॅनव्हासचे जोडे चढवावेत आणि मग मुलांशी संथ, मृदू स्वरात बोलावे, असा त्यांचा परिपाठ असे. जग म्हणजे भल्या शेजाऱ्यांची आळी, हे आश्वासन त्या परिपाठातच सामावलेले होते.

१९८१ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रौढांच्या विनोदी कार्यक्रमात एडी मर्फी या तरुण कृष्णवर्णीय नटाने तो परिपाठ जसाच्या तसा उचलला. स्वेटर तसाच, स्वरही तितकाच गोड. घर मात्र दरिद्री वस्तीतील, मोडके. त्याचा मिस्टर रॉबिन्सन चोरीचा माल घेऊन यावयाचा आणि मुलांना ‘आजचा शब्द’ शिकवावयाचा. दारावर थाप पडली तर ती शेजाऱ्याची नसे, थकलेल्या भाड्यासाठी आलेल्या घरमालकाची असे. या प्रहसनांत अपशब्द आहेत, परंतु खरा हशा पिकतो तो स्वर न बदलल्यामुळे. घरातून हाकलले जाण्याची गोष्ट तो मुळाक्षरे शिकवावी तितक्याच ममतेने सांगतो.

रॉजर्स निष्ठुर नव्हते. कृष्णवर्णीयांना पोहण्याच्या तलावांपासून दूर ठेवले जात असे, त्या पार्श्वभूमीवर १९६९ साली त्यांनी फ्रान्स्वा क्लेमन्स या कृष्णवर्णीय गायकाला पोलिसाच्या भूमिकेत आणून, आपल्याच पाण्याच्या टबात त्याला शेजारी पाय बुडवून बसविले होते. त्या काळी ही मोठीच गोष्ट. पण भाड्याचा प्रश्न त्यांच्या आळीत मर्फीच्या घरासारखा कधी शिरला नाही. मर्फीने बोट ठेवले ते नेमके तेथेच, आणि विशेष म्हणजे रॉजर्सनी त्याचा राग धरला नाही.

रॉजर्स २००३ मध्ये वारले. २०१९ च्या डिसेंबरात मर्फी पुन्हा रॉबिन्सन होऊन आला, तेव्हा वस्ती पालटली होती. सुखवस्तू गोरी कुटुंबे राहावयास आली होती, जुने शेजारी दिसेनासे झाले होते. स्वेटर घातलेल्या रॉबिन्सनने त्या दिवशी मुलांना शिकविलेला धडा होता बिनभाड्याने ठाण मांडून बसलेल्याच्या हक्काचा.