खोलीतलं बोईंग ७३७

विमानाची चाकं वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक छोटं चाक बसवलेलं असतं. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, हलवणाऱ्या दांड्याची मूठ मात्र पंखासारखी चपटी असते. अंधारात नुसता हात लावला तरी कोणता दांडा कोणता ते कळावं, म्हणून हे आकार ठरलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप मिटायला जायचे आणि चाकंच मिटून टाकायचे. भलंमोठं विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. दोष अर्थातच वैमानिकाच्या माथी जायचा. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटात बसून पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला अगदी एकसारखे. त्याने एकावर रबरी चाक आणि दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा लावायला सुचवलं. आज प्रवासी विमानांच्या बाबतीत हे आकार नियमातच आहेत.

ही हकिगत वाचली तर लक्षात राहील किंवा राहणार नाही. पण तोच दांडा आपल्या हाताने घडवला, की ती कायमची डोक्यात बसते. घरच्या घरी कॉकपिट उभारणाऱ्या लोकांबद्दल मला अपार आदर वाटतो तो यासाठी. त्यांना बाहेरून पाहणारा म्हणतो, मोठ्या माणसांचं महागडं खेळणं. माझ्या मते हा यंत्र समजून घेण्याचा फार गंभीर मार्ग आहे. एकेक खटका बसवताना तो तिथेच का आहे, त्याने काय चालू होतं आणि तो नसता तर काय झालं असतं, या प्रश्नांतून बांधणाऱ्याची सुटका नसते.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना मुळात एका वाद्यांच्या कारखान्यात जन्मली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. एडविनला विमानाचं वेड, पण उडण्याचे धडे परवडेनात. तेव्हा त्याने हाताशी होतं तेच वापरलं. आपल्या पेटीला असतो तसा भाता, हवा खेचणारा पंप आणि वर लाकडी कॉकपिट. दांडा हलवला की भाते फुगत-मिटत आणि ती पेटी कलायची, वळायची. हे १९२९ साल. सुरुवातीला जत्रेतल्या पाळण्यांपलीकडे त्याला गिऱ्हाईक मिळेना. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं आणि धुक्यात, वादळात, नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले बरेच वैमानिक दगावले. मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. महायुद्ध संपेपर्यंत या निळ्या पेट्यांमध्ये पाच लाखांवर वैमानिकांचं शिक्षण झालं होतं.

घरापर्यंत ही विद्या संगणकाने आणली. ब्रूस आर्टविकचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर आला, १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला. आज मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आहे, ऑस्टिन मेयरचं एक्स-प्लेन आहे आणि फुकट मिळणारं फ्लाइटगिअरही आहे. पण पडद्यावरचा खटका माउसने दाबणं आणि डोक्यावर हात नेऊन खरा खटका ओढणं यात फरक आहे. हाताला जागा पाठ व्हावी लागते. तिथूनच लाकूड, पत्रा आणि वायरींचा संसार सुरू होतो.

बहुतेकजण ७३७ निवडतात. आपल्याकडे अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस यांच्या ताफ्यात हीच जात आहे. खरं तर एअरबस ए३२० बांधायला सोपं. त्यात बाजूला छोटी काठी असते, दोन्ही वैमानिकांच्या काठ्या एकमेकींना जोडायच्या नसतात आणि इंजिनांचे दांडे आपोआप हलत नाहीत. ७३७ मध्ये दोन्ही सुकाणू एकत्र हलायला हवेत, ऑटोथ्रॉटल लावला की दांडे स्वतःहून सरकायला हवेत. म्हणजे मोटरी आल्या, पट्टे आले, क्लच आले. तरीही ७३७, कारण त्याची मापं, आराखडे आणि जोडणीची सॉफ्टवेअर मुबलक मिळतात.

सांगाडा प्लायवुड किंवा एमडीएफचा चालतो. सुतारकाम कच्चं राहिलं तरी निभावतं, मापात मात्र हयगय चालत नाही. दोन वैमानिकांच्या मधल्या खांबावरच्या रेडिओ पॅनेलची रुंदी १४६ मिलिमीटर, कारण जगभर विमानांतली अशी पॅनेलं त्याच मापाची असतात. हे माप पाळलं की पुढेमागे भंगारात निघालेल्या विमानाचं अस्सल पॅनेल मिळालं तर तेही बसतं. अक्षरं उजळावीत म्हणून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर करडा रंग मारतात आणि लेझरने तेवढ्या अक्षरांवरचा रंग उडवतात. मागून दिवा लावला की अक्षरं पेटतात.

खरी परीक्षा खटक्यांची. डोक्यावरच्या पॅनेलवर इंधन, वीज, हायड्रॉलिक, हवा या सगळ्यांचे मिळून खटके इतके, की प्रत्येकाला स्वतंत्र वायर देणं अशक्य होतं. हौशी लोकांचं आवडतं आर्डुइनो मेगा हे सर्किट बोर्ड घेतलं तरी त्याला डिजिटल पिना ५४. म्हणून जाळी विणतात. आठ आडव्या, आठ उभ्या वायरी, आणि त्यांच्या छेदांवर ६४ खटके. पिना लागल्या फक्त १६. मात्र या जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतले खटके एकदम चालू केले, तर वीज आडवाटेने फिरते आणि न दाबलेला चौथाही चालू दिसतो. पंप बंद, पण सिम्युलेटर म्हणतो चालू! उपाय म्हणजे प्रत्येक खटक्याला एकेक डायोड झाळायचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते. काम कंटाळवाणं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. हे डायोड, टॉगल आणि फिरती बटणं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात.

माझा सगळ्यात आवडता खटका इंजिन चालू करण्याचा. तो फिरवून ‘ग्राउंड’वर ठेवला की तिथेच थांबतो, कारण आत विद्युतचुंबक त्याला धरून असतो. शेपटीतल्या छोट्या इंजिनाची दाबाची हवा स्टार्टरला फिरवते. तेवढ्यासाठी केबिनची वातानुकूलन यंत्रणा आधी बंद करावी लागते, कारण सगळी हवा स्टार्टरला हवी. इंजिन थोडा वेग धरतं, इंधन सोडलं जातं, आकडे चढू लागतात. आतल्या रोटरचा वेग ५६ टक्क्यांवर पोचला की चुंबक सोडतो आणि खटका टक्कन मागे येतो. त्या आवाजाने वैमानिकाला कळतं, की इंजिन आता आपल्या पायावर उभं आहे. हा चुंबक घरी बसवणाऱ्याला जेट इंजिन कसं सुरू होतं ते पुन्हा वेगळं शिकवावं लागत नाही.

बाहेरच्या दृश्यासाठी काहीजण तीन टीव्ही लावतात, काहीजण गोलाकार पडद्यावर प्रोजेक्टर. जागा आणि खिसा यावर ते ठरतं.

या खटाटोपाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. घरच्या कॉकपिटातले तास परवान्यासाठी धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खुणेची ट्रिमची मोठी चाकं असतात. शेपटीवरच्या आडव्या पंखाचा कोन बदलला की ती खडखडत फिरतात. घरी त्यांना मोटर लावली की दिसायला सगळं हुबेहूब. पण खऱ्या विमानात वेग वाढला की शेपटीवर हवेचा प्रचंड दाब येतो आणि तेच चाक हाताने फिरेनासं होतं. ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात, एकूण ३४६ माणसं गेली. दोन्ही वेळा एका सदोष सेन्सरवर विसंबलेली यंत्रणा विमानाचं नाक खाली ढकलत होती. इथिओपियाच्या वैमानिकांनी ट्रिमची वीज तोडणारे दोन खटके बंदही केले, पण त्या वेगात चाक हाताने फिरेना. पुढे मे २०१९ मध्ये बोईंगने मान्य केलं, की मॅक्सच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांचं सॉफ्टवेअरही काही परिस्थिती नीट उभ्या करू शकत नव्हतं, आणि त्यात दुरुस्ती केली. कोट्यवधींच्या यंत्राची ही गत, तर प्लायवुडच्या सांगाड्याने किती दावा करावा? घरच्या कॉकपिटात ते दोन छोटे खटके बसवताना मात्र ते नेमके काय तोडतात हे बांधणाऱ्याला ठाऊक हवं, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात करायची तर अख्ख्या कॉकपिटाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवू नये. पुष्कळांचे सांगाडे गॅलरीत धूळ खात पडतात ते त्यामुळेच. आधी एकच रेडिओ पॅनेल करावं. एक आर्डुइनो, दोन फिरती बटणं, आकडे दाखवणारी छोटी पट्टी आणि मोबीफ्लाइट हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर ते चालतं. मग व्हॅटसिम या जागतिक जाळ्यावर जावं. तिथे हौशी लोक संगणकासमोर बसून हवाई नियंत्रकाचं काम करतात, आणि मुंबईचा नियंत्रक जागेवर असला तर तो खऱ्यासारख्याच सूचना देतो. त्याने सांगितलेली फ्रिक्वेन्सी स्वतःच्या बटणाने फिरवून लावता आली, की दुसरं पॅनेल कोणतं करायचं ते आपोआप सुचतं. बहुतेकांच्या बाबतीत ते ऑटोपायलटचं असतं.