अठ्ठाविसाव्या वर्षी थांबलेला गोलंदाज
(द्वितीय वर्ष, कला)

भाईंदरला आमच्या वस्तीत दर रविवारी टेनिस चेंडूचे सामने होतात. मी जलद गोलंदाजी करतो. गेल्या दिवाळीनंतर माझी डावी नडगी रात्री ठणकू लागली. घरी बोललो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, “खेळायला का कॉलेजात घातलं?” हे ऐकावे लागले असते. अशातच सलील अंकोला यांच्याविषयी वाचनात आले आणि छातीत धस्स झाले.

अंकोला यांचा जन्म १९६८ सालचा, सोलापूरचा. महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणातच त्यांनी गुजरातविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत ते कसोटी खेळले. सचिन तेंडुलकरचीही ती पहिलीच कसोटी. सचिन पुढे २०० कसोट्या खेळला. अंकोलांना दुसरी मिळाली नाही. एकदिवसीय सामने मात्र २० मिळाले. १९९७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, डाव्या नडगीच्या हाडातील गाठीमुळे त्यांना खेळ सोडावा लागला.

या गाठीला ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ म्हणतात. ती कर्करोगाची नसते, शरीरात पसरत नाही. आकाराने बहुधा दोन सेंटिमीटरहूनही लहान. परंतु तिच्यात वेदना जागवणारी द्रव्ये तयार होतात. दुखणे रात्री वाढते आणि ॲस्पिरिनने बरेचदा शमते. तरुण वयातच ती अधिक आढळते.

मग एवढ्याशा गाठीने गोलंदाज का थांबावा? उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडताना डावा पाय जोराने टेकवतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि तोही षटकात सहा वेळा. चालायला पुरणारे हाड या कामाला पुरत नाही. आज सुईवाटे उष्णता देऊन ही गाठ जाळता येते. पण आधी ती वेळेवर ओळखली पाहिजे.

अमेरिकेतील बेसबॉलपटू लू गेहरिग सलग २१३० सामने खेळला. १९३९ मध्ये मज्जातंतूंच्या असाध्य रोगाने त्याला थांबवले आणि १९४१ मध्ये तो वारला. अंकोलांच्या आजारात जीव वाचला, पण आयुष्य हातातून निसटले. ते अभिनयात गेले, दारूच्या आहारी गेले आणि त्यातून बाहेरही आले. २०२० मध्ये ते मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले, २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर गेले. हा दुसरा डाव मला पहिल्याहून अवघड वाटतो.

अखेर मी घरी सांगितले. वडिलांनी एका दिवसाचा खाडा करून मला डॉक्टरांकडे नेले. एक्स-रे काढला. गाठ नव्हती, सिमेंटच्या पट्टीवर धावून आलेली सूज होती. सहा आठवडे विश्रांती मिळाली. परतताना वडील एवढेच म्हणाले, “दुखतंय तर सांगायचं रे. पाय तुझा एकट्याचा आहे का?”

मित्रहो, दुखणे गिळणे म्हणजे मर्दुमकी, असे मैदानावर आपण समजतो. ती समजूत आता मी तरी सोडली आहे.