थंडीतील विरजण आणि भांड्याची ऊब

मार्गशीर्ष लागून थंडी वाढली की दही नीट लागत नाही, ही तक्रार घरोघरी सुरू होते. रात्री विरजण लावून सकाळी पाहावे तर दूध पातळच राहिलेले असते. आणखी एक-दोन दिवस वाट पाहावी तर त्यास कडवट चव येते व तार सुटते. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. अशा ठिकाणी ही अडचण विशेष जाणवते.

म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात आणि याच काळात हिरवा चाराही बरा मिळतो. म्हणजे घरात दूध भरपूर असते नेमके तेव्हाच विरजण फसते. ज्या वाड्यावस्त्यांवरून सायंकाळचे दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचत नाही, तेथे उरलेल्या दुधाचे दही, ताक, लोणी व तूप करणे हाच मार्ग असतो. तेथे चार दिवसांचे विरजण बिघडले, तर तेवढे तूप बुडालेच म्हणावयाचे.

विरजणात काय घडते

दूध आंबण्यामागे सूक्ष्म जीव असतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. दह्यातील जीवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लामुळे दूध घट्ट होते. घरगुती विरजणात हे जीवाणू अनेक जातींचे असतात. काहींना २० ते ३० अंशांची ऊब मानवते, तर काहींना ३७ ते ४५ अंशांची. दूध १० अंशांपर्यंत थंड झाले की दोहोंचेही काम जवळजवळ थांबते. मात्र थंडीतही वाढणारे दुसरे जीवाणू असतात. ते दुधात शिरले की कडूपणा व चिकटपणा येतो. उलट, दूध कढत असताना विरजण घातले तर दह्याचे जीवाणू मरतात. म्हणून दूध किती गरम असावे आणि ती ऊब किती वेळ टिकावी, या दोन गोष्टींकडे लक्ष दिले पाहिजे.

गोधडीचे काम

थंडीत दह्याचे भांडे गोधडीत गुंडाळण्याची चाल जुनी आहे व ती योग्यही आहे. परंतु गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब फक्त राखून ठेवते. गार दुधाचे भांडे गुंडाळले तर ते गारच राहते. पुष्कळ ठिकाणी विरजण फसते ते याच कारणाने.

दूध प्रथम चांगले उकळावे. उन्हाळ्यात ते कोमट झाल्यावर विरजण लावतात; थंडीत त्याहून थोडे अधिक गरम, म्हणजे ४० ते ४५ अंशांवर असताना लावावे. तापमापक नसल्यास धुतलेल्या मनगटावर दोन थेंब टाकून पाहावेत. ते चांगले गरम लागावेत, पण चटका बसू नये. उन्हाळ्यात एक लिटर दुधास एक लहान चमचा विरजण पुरते. थंडीत एक ते दोन मोठे चमचे घ्यावे. विरजण अगदी गार असल्यास थोड्या कोमट दुधात फेटून मग भांड्यात मिसळावे.

भांडे व त्याचे घरटे

भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, म्हणजे दुधाची ऊब गार धातू ओढून घेत नाही. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकते. ते विषारी असल्याने असे भांडे वापरू नये. मातीच्या गाडग्यात दही घट्ट होते हे खरे, परंतु गाडगे पाझरते व त्यामुळे गार पडते. थंडीत झाकणाचे स्टीलचे भांडे अधिक सोयीचे. लहान भांडे लवकर निवते, यास्तव चार वाट्यांत दही लावण्याऐवजी सर्व दूध एकाच भांड्यात लावावे.

बांबूच्या टोपलीत किंवा लाकडी खोक्यात तळाशी चार बोटे जाडीचा कोरडा पेंढा पसरावा. मध्ये भांडे ठेवून सभोवती तेवढ्याच जाडीचा पेंढा दाबून भरावा. वर घट्ट झाकण, त्यावर घडी केलेली गोधडी ठेवावी. पेंढा ओला असल्यास उपयोग होत नाही. पेंढ्याऐवजी लाकडाचा कोरडा भुसा चालतो. पोळ्या गरम ठेवण्याच्या डब्यात भांडे बसत असल्यास तोही उत्तम. टोपली दाराच्या फटीजवळ किंवा गार फरशीवर न ठेवता चुलीच्या बाजूस, विस्तवापासून सुरक्षित अंतरावर ठेवावी. बंद खोलीत पेटती शेगडी मात्र रात्रभर कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच प्राण जाण्याचा धोका असतो.

भांडे रात्रीतून हलवू नये अथवा उघडून पाहू नये. सकाळी दही लागले की लगेच घरट्यातून काढून गार जागी ठेवावे, नाही तर ते आंबट होत जाते. दुसऱ्या दिवसासाठीचे विरजण प्रथमच स्वच्छ चमच्याने वेगळे काढावे. फार आंबट झालेले किंवा वास येणारे दही विरजणास घेऊ नये.

ऊब असूनही दही न लागल्यास

दूध, विरजण व घरटे यांत दोष नसतानाही दही लागले नाही, तर गोठ्याकडे पाहावे. कासदाहासारख्या रोगावर गाईम्हशीस प्रतिजैविक औषध दिले असेल, तर त्याचा अंश दुधात उतरतो व दह्याचे जीवाणू वाढत नाहीत. दूध उकळल्यानेही हा अंश पुरता जात नाही. पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत असे दूध घरी वापरू नये व विकूही नये.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक एखाद्या घरी सायंकाळी चारचौघींसमक्ष करावे. एकाच वेळी उकळलेले दूध सारख्या तीन भांड्यांत प्रत्येकी अर्धा लिटर घ्यावे व विरजणही सारखेच घालावे. पहिल्या भांड्यात दूध गरम असताना विरजण लावून ते पेंढ्यात ठेवावे. दुसऱ्यात तसेच गरम असताना लावून भांडे उघड्या ओट्यावर ठेवावे. तिसऱ्यात दूध पूर्ण गार झाल्यावर विरजण लावून भांडे दुसऱ्या टोपलीत तेवढ्याच पेंढ्यात ठेवावे. सकाळी त्याच मंडळींना बोलावून तिन्ही भांडी त्यांच्याच हाताने उघडावयास लावावीत. गार दूध पेंढ्यात ठेवूनही का लागले नाही, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या कामास पेंढा, टोपली व जुनी गोधडी एवढेच साहित्य लागते आणि ते शेतकऱ्याच्या घरी असतेच. थंडीचा कडाका सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वस्तीवर एक तरी प्रात्यक्षिक झाल्यास त्या हंगामातील पुष्कळ दूध वाया जाण्यापासून वाचेल.