शितावरून भाताची परीक्षा

१ जून २०२४ ची संध्याकाळ आठवते का? लोकसभेचा शेवटचा टप्पा संपला आणि सगळ्या चॅनेलांवर एक्झिट पोलचा धुमाकूळ सुरू झाला. बाहेर पन्हाळ्याचं नेहमीचं धुकं, हॉस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, परीक्षा तोंडावर आणि आम्ही सगळे राजकारणातले पंडित! बहुतेक चॅनेल एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा देत होते. मी तो आकडा ब्रह्मवाक्य मानला आणि रूममेटशी पैज लावली. ४ जूनला निकाल लागला : एनडीए २९३, त्यात भाजप २४०. चार जणांना कोल्हापुरात नेऊन तांबडा-पांढरा खिलवताना माझा महिन्याचा पॉकेटमनी संपला.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण डोक्यात एक किडा शिरला. ही माणसं हे आकडे काढतात तरी कसे? मला तर आजवर कुणी काही विचारलं नाही. तुम्हाला विचारलं? नाही ना? मग ‘जनतेचं मत’ म्हणून जे दाखवतात ते कुठल्या जनतेचं?

या किड्यापायी मी बरंच वाचलं आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या वेळी एका संस्थेसाठी थोडे दिवस सर्व्हेचं कामही केलं. त्यात मी मार खाल्ला, तोही सांगतो. पण आधी थोडं गणित.

अंबरखाना आणि मूठभर धान्य

गडावरचा अंबरखाना आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातली गंगा कोठी सर्वांत मोठी. समजा ती धान्याने शिगोशीग भरली आहे आणि धान्य किडलंय का ते बघायचंय. सगळी कोठी कोण उपसणार? मार्केट यार्डातला व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि भाव सांगतो. आपली आजी शीत दाबून भात शिजला का ते सांगते. सिव्हिलवाले सगळा स्लॅब फोडून बघत नाहीत, दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरतात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघतात. जनमत चाचणी म्हणजे हेच.

यातली गंमत अशी, की मूठ किती मोठी हवी हे कोठीच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नसतं. साधा हिशोब असा : जितक्या लोकांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. १०० जणांना विचारलंत तर चूक साधारण दहा टक्के इकडे-तिकडे. १००० जणांना विचारलंत तर तीन टक्के. २५०० ला दोन टक्के, १०,००० ला एक टक्का. म्हणजे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. कोल्हापूर जिल्हा असो नाहीतर अख्खा भारत, १००० ची चूक तीन टक्केच! (आणि हा हिशोबही शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरा. उरलेल्या पाच वेळा नशीब.)

पण एक अट आहे, आणि सगळं शास्त्र त्या अटीत आहे. भात ढवळलेला पाहिजे. प्रत्येक शिताला हातात येण्याची सारखी संधी पाहिजे. कंत्राटदाराने क्यूबसाठी वेगळं, जास्त सिमेंटचं मिश्रण केलं तर क्यूब पास होईल आणि स्लॅब पडेल.

याचा जगप्रसिद्ध पुरावा १९३६ चा आहे. अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पोस्टाने चिठ्ठ्या पाठवल्या. तेवीस लाखांहून जास्त परत आल्या. एवढ्यांचं मत म्हणजे चूक होणारच नाही असं वाटलं. त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. झालं काय, तर पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार, तेच विचारले गेले. शिवाय चिठ्ठी परत पाठवायची तसदी रागावलेल्या माणसानेच जास्त घेतली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलपने फक्त पन्नास हजारांच्या आसपास लोकांवरून विजेता बरोबर सांगितला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं आणि गॅलपचं नाव या धंद्याचंच नाव होऊन बसलं.

आपल्या मातीतली माणसं

हे सगळं परदेशात झालं असं समजू नका. या शास्त्राचं एक मोठं नाव आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं आहे. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. लंडनहून संख्याशास्त्रात पीएच.डी. करून ते परत आले. त्या काळी पीक किती आलं हे ‘आणेवारी’ने ठरायचं, म्हणजे नजरेने बघून इतके आणे पीक असं म्हणायचं. सुखात्म्यांनी काय केलं, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेतं निवडायची, त्यातला ठराविक तुकडा आखायचा, कापायचा आणि वजन करायचं. पीक विम्याच्या वेळी ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या पोरांनी ऐकलाच असेल. त्याच्या मुळाशी हे काम आहे. पुढे ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि त्यांचं नमुना पाहणीवरचं पुस्तक जगभर शिकवलं गेलं.

दुसरे वि. म. दांडेकर. जन्म १९२०, गाव सातारा. पुण्याच्या गोखले संस्थेत असताना नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं. घरोघरी जाऊन लोकांच्या खर्चाची जी राष्ट्रीय नमुना पाहणी होते, तिच्या आकड्यांवरून किती लोकांना पोटभर मिळत नाही हे त्यांनी मांडलं. आज ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे असले हजारो भरलेले फॉर्म आहेत.

आणि निवडणुकीच्या अभ्यासातलं आजचं मराठी नाव म्हणजे प्रा. सुहास पळशीकर. पुणे विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३ मध्ये सुरू केलेली ‘सीएसडीएस’ ही संस्था आहे. तिने १९६७ मध्ये निवडणुकीचा राष्ट्रीय अभ्यास केला होता. १९९७ मध्ये या संस्थेत ‘लोकनीती’ हा कार्यक्रम सुरू झाला. पळशीकर त्याचे सहसंचालक. राज्याराज्यांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून हे जाळं चालवतात.

त्यांची पद्धत ऐका. आधी मतदान केंद्रं निवडायची. मग त्या केंद्राची मतदार यादी घ्यायची आणि ठराविक अंतराने नावं उचलायची. ज्याचं नाव आलं त्याच्याच घरी जायचं. कुणाला मत दिलं हे तोंडी विचारायचं नाही. खोटी मतपत्रिका हातात द्यायची, त्याने शिक्का मारून घडी घालून पेटीत टाकायची. २०१९ च्या लोकसभेनंतर त्यांनी असे २४,२३६ लोक गाठले. मतदार होते सुमारे नव्वद कोटी!

आणि प्रश्न फक्त ‘मत कुणाला’ एवढाच नसतो. शिक्षण किती, जमीन किती, जात कुठली, घरात निर्णय कोण घेतं, सरकारी माणूस काम करतो का, असे कितीतरी. चॅनेलला हवं असतं ‘कोण जिंकणार’. संशोधकाला हवं असतं ‘लोकांनी असं का केलं’. पहिल्याचं उत्तर मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत शिळं होतं. दुसऱ्याचं वीस वर्षांनीही उपयोगी पडतं.

या कामात डोक्याला तापही कमी नाही. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. पळशीकर आणि योगेंद्र यादव त्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. दोघांनी राजीनामा दिला, आणि पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोडही झाली. २०२३ मध्ये त्या पुस्तकांतले भाग गाळले गेले तेव्हा ‘आमची नावं काढा’ असं दोघांनी लेखी कळवलं. संशोधकाची पुंजी म्हणजे त्याचं नाव. ते कशाखाली राहू द्यायचं आणि कशाखाली नाही, हे त्यालाच ठरवावं लागतं.

आता माझी फजिती

नोव्हेंबरात मला पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीची यादी मिळाली. वीस नावं. पहिल्या दिवशी नऊ झाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर घरांना कुलपं. भाताची मळणी सुरू, बायका रानात. ऊन चढलं, शेवटची एसटी चुकायची भीती. जोडीदार म्हणाला, “मर्दा, त्या टपरीवर दहा माणसं बसल्यात. त्यांनाच विचार की. मत काय, सारखंच असतंय गावाचं.”

मी विचारलं. बायकांच्या नावासमोर टपरीवरच्या माणसांची उत्तरं भरली. ‘गावाचा मोठा प्रश्न कोणता?’ तर सगळे म्हणाले, उसाचा दर. काम दोन तासांत फत्ते!

चौथ्या दिवशी सुपरवायझरचा फोन. संस्थेने यादीतल्या काही घरी फोन करून तपासलं होतं. “आमच्याकडं कोण आलंच न्हाई,” असं दोन घरांनी सांगितलं. माझे वीसच्या वीस फॉर्म रद्द. चार दिवसांचे पैसे गेले. सुपरवायझर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तू चुकीचं उत्तर आणलं असतंस तर चाललं असतं. तू उत्तरच आणलं नाहीस.” आणि पुन्हा जायची तयारी आहे का ते विचारलं.

गेलो. यावेळी संध्याकाळी सहानंतर. एका घरात नाव होतं सुनेचं. सासरे म्हणाले, “तिला काय कळतंय? मी सांगतो, लिहा.” मी म्हटलं, “आजोबा, यादीत वहिनींचं नाव आहे, मला त्यांनाच विचारावं लागतंय.” ती हात पुसत बाहेर आली. आधी दोन-तीन उत्तरं सासऱ्यांकडे बघूनच दिली. मग मोठा प्रश्न विचारला. ती थोडं थांबली आणि म्हणाली, “पाणी. दोन हंडे आणायला पहाटं चारला उठावं लागतंय. हे कुणी विचारत न्हाई म्हणून कुणी सांगत न्हाई.” मत नोंदवायला टॅब तिच्या हातात दिला. ती पाठ फिरवून उभी राहिली, बोट लावलं, परत दिला. तिने कुणाला मत दिलं हे मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही.

त्या दिवशी मी भेटलेल्या सात बायकांपैकी पाच जणींनी पाणीच सांगितलं. टपरीवर हा शब्द एकदाही निघाला नव्हता. माझे ते खोटे फॉर्म पास झाले असते तर त्या वाडीचा प्रश्न कागदावर ‘उसाचा दर’ असाच राहिला असता. ऊसदर खोटा नव्हता हो. पण निम्मा भात मी ढवळलाच नव्हता.

मग एक्झिट पोल चुकतात का?

एक कारण वर आलंच : लोक चुकीचे निवडले जातात, किंवा निवडलेले बोलत नाहीत, किंवा घाबरून वेगळंच सांगतात. दुसरं कारण आपल्या निवडणूक पद्धतीत आहे. सर्व्हेतून मिळते मतांची टक्केवारी, चॅनेलला हव्यात जागा. २०२४ ला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याहून कमी फरक होता. जागा मात्र ४८ पैकी ३० आणि १७. आता तीन टक्के चूक असलेला सर्व्हे हा फरक कसा पकडणार? त्यामुळे टीव्हीवर जागांचा आकडा दिसला की आधी बघा : किती लोकांना विचारलं, कसं निवडलं, कधी विचारलं, पैसे कुणी दिले. हे सांगत नसतील तर खुशाल चॅनेल बदला. (एक्झिट पोल सगळे टप्पे संपेपर्यंत दाखवायला बंदी आहे, ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ अ कलमाने. म्हणून तर तो १ जूनचा एकदम धडाका.)

आपल्याला यात काय?

इंजिनिअरिंगवाल्यांनाही इथे जागा आहे. फॉर्म टॅबवर आले, आकडे तपासायला प्रोग्रॅमिंग लागतं, खोटे फॉर्म पकडायला तर फारच लागतं. पुढे शिकायचं तर शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र आहे, पुण्यात गोखले संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही शेवटचीच संस्था करते. निवडणुका पाच वर्षांनी येतात, पण आरोग्य, पाणी, शाळा, रोजगार यांच्या पाहण्या बारा महिने चालतात. पाय दुखतात, कुत्री मागे लागतात, चहा पिऊन पिऊन पित्त होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

जाता जाता घरचंच उदाहरण. गेल्या टर्मला मेस कमिटीने सर्व्हे केला आणि ‘बहुसंख्य विद्यार्थी जेवणावर समाधानी’ असं बोर्डावर लावलं. फॉर्म वाटले होते रात्री आठला, मेसच्या दारात. जे वैतागून मेस सोडून बाहेर डबा लावून बसलेत ते दारात येणार कशाला? रेक्टर सरांना नम्र विनंती : पुढच्या वेळी खोल्यांची यादी घ्या, दर सातव्या खोलीचं दार वाजवा, आणि खोलीत कुणी नसेल तर शेजारच्याला विचारू नका, रात्री पुन्हा या.

फॉर्म भरायला मी फुकट येतो. माझे भरलेले फॉर्म तपासायला मात्र दुसरं कुणीतरी ठेवा.