हर्णैच्या बंदरावरची संध्याकाळ

गेल्या महिन्यात गाडीने कोकणात उतरलो. दापोलीहून साधारण पंधरा किलोमीटरवर हर्णै. संध्याकाळी पोचलो आणि थेट मासळीच्या लिलावात शिरलो.

इथल्या किनाऱ्याला पाणी उथळ. मोठ्या होड्या आतच थांबतात आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, अंगावर लाटा येतायत, तरी जागचे हलत नाहीत. मी कितीतरी वेळ तेच बघत राहिलो.

वाळूवर वाटे मांडले की बोली सुरू. नवख्याला काहीच कळत नाही. शेजारच्या मावशींना विचारलं, "ताजा कसा ओळखायचा?" त्यांनी एका सुरमईचा कल्ला बोटाने उचलून दाखवला. आत लालभडक. "काळपट दिसला तर घेऊ नको रे." मग अंगठा दाबायला लावला, मांस लगेच वर आलं. डोळा फुगीर, चकचकीत हवा. खोल गेलेला, धुरकट असेल तर मासा शिळा.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. १७५५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांत तोही आहे. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून छान दिसतो.

जून-जुलैत मात्र लिलावासाठी जाऊ नका, यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. आणि बर्फाचा डबा गाडीत ठेवाच.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा, माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.