मासा, पारा आणि आपले समज

ज्येष्ठाच्या अखेरीस दमदार पाऊस कोसळून काळू, शाई आणि भातसा यांचे गढूळ पाणी ओहोळांवाटे भातखाचरांत शिरू लागले, की शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील आबालवृद्ध वलगणीच्या, म्हणजे चढणीच्या, माशांसाठी पागर आणि टोपल्या घेऊन बाहेर पडतात, ही वहिवाट फार जुनी आहे. परंतु त्याच घरांच्या ओटीवर हल्ली दोन परस्परविरोधी मते ऐकू येतात: नद्या नासल्या, आता मासा खाणेच सोडावे, असे एकाचे म्हणणे, आपल्या रानचा मासा, त्याला काय होते आहे, असे दुसऱ्याचे. माझ्या मते दोघांचाही रोख भलत्याच ठिकाणी आहे. कारण विषाचा संचय कोणत्या माशात होतो, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

ताज्या माशात विष नसते, हा समज सर्वांत दृढ आहे. लाल कल्ले, चकाकते डोळे आणि घट्ट मांस यांवरून मासा कुजलेला नाही एवढीच खातरजमा होते; पारा किंवा डीडीटी यांना ना वास, ना रंग. मांगूरचे उदाहरण पाहावे. परदेशी मांगूर टोपलीत तासन्‌तास जिवंत वळवळतो म्हणून गिऱ्हाईक त्यावर विश्वास टाकते. पण हा जीव थेट हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून जिवंत राहिलेला असतो, आणि सडक्या मांसावर व घाण पाण्यातही तो तग धरतो. आपल्या देशात त्याच्या पैदाशीस 2000 सालीच मनाई झाली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असलेला साठा नष्ट करण्याचा हुकूम दिला, तरी तो चोरून विकला जातोच.

विषाचा संचय होतो तो असा. पारा पाण्यात येतो तेव्हा त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की ते पाणी प्याल्याने अपाय होण्याचा संभव फारसा नसतो. पण तळाच्या प्राणवायूविरहित गाळातील जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, तो शेवाळात जातो, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून मळ्या-मुऱ्यांसारख्या चिमुकल्या माशांत आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मरळ-वामीसारख्या शिकारी माशांत. आणि शरीरातून त्याचा निचरा अतिमंद असल्यामुळे प्रत्येक पायरीवर, वाढत्या व्याजाच्या कर्जाप्रमाणे, तो साचत जाऊन अखेरच्या धन्याच्या अंगात पाण्यातल्यापेक्षा दहा लाख पटींनी अधिक होऊ शकतो. म्हणून मासा किती मोठा, किती वर्षांचा आणि काय खाऊन वाढला, हाच खरा प्रश्न. मळी वर्षा-दोन वर्षांत जगून संपणारी. तिच्या अंगी साठवण्यास अवधीच नसतो. समुद्राकडेही हाच न्याय आहे: तारली, बांगडा, बोंबील हे अल्पायुषी, मोरी, म्हणजे शार्क, ही या उतरंडीच्या शिखरावर.

स्वयंपाकघरातील समजही काही कमी नाहीत. हळद-मीठ चोळून, कोकम किंवा चिंच घालून अथवा पहिले पाणी उकळून टाकून विष जाते, असे सांगितले जाते. मिथिल पारा मांसातील प्रथिनांनाच चिकटलेला असल्याने यांपैकी कशानेही तो हलत नाही. उलट शिजताना पाणी आटून मांसाचे वजन घटते आणि तेवढ्यापुरते त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. डीडीटी आणि पीसीबी ही रसायने मात्र चरबीत वस्ती करतात. तेथे कातडी व पोटाकडील चरबी काढण्याचा निश्चित उपयोग होतो. शिसे आणि कॅडमियम यांचा भर यकृत, मूत्रपिंड, कल्ले व हाडे यांत असतो. सबब मळ्यांचे पोट दाबून आतडे काढून टाकण्याची आजीबाईंची रीत शास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे.

आता स्थळाचा विचार. काळू नदी विषारी, म्हणून मुरबाडचा मासा विषारी, हा निष्कर्ष नदीचा प्रवाह उलटा धरून काढलेला आहे. काळू सह्याद्रीच्या माथ्याकडून मुरबाडमधून वाहत पुढे कल्याणकडे उल्हासला मिळते, आणि तिचे नाव बदनाम झाले ते खाली, अंबिवलीच्या बाजूस. तेथील रेयॉनच्या उद्योगाला कॉस्टिक सोडा लागे आणि तो पूर्वी पाऱ्याच्या विद्युत्‌घटांतून काढीत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई या संशोधकांनी ठाणे खाडी व मुंबई बंदरातील पाऱ्याविषयी 1981 साली निबंध प्रसिद्ध केला. पाऱ्याच्या घटांची ती पद्धत पुढे देशात जवळजवळ संपुष्टात आली, पण गाळातला पारा कारखान्याबरोबर निघून जात नाही. तेव्हा खाडीत वर्षानुवर्षे वाढलेल्या शिकारी माशाची शंका जरूर घ्यावी; वरच्या खोऱ्यातील चढणीच्या मळ्यांवर तोच आरोप लादणे अन्याय होय. अर्थात वरच्या खोऱ्यासही पूर्ण निर्दोषत्वाचा दाखला देता येत नाही. जळणाऱ्या कोळशातला पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर सर्वत्र उतरतो.

तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईकर पितात, मग तेथील मासा शुद्धच, हेही अर्धवट. पाणी शुद्ध करून पितात, मासा नव्हे. शिवाय नवीन जलाशयात बुडालेले रान आणि माती कुजू लागली की जंतूंचे पारा बदलण्याचे काम जोमाने चालते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ला ग्रांद नदीवर धरणे झाल्यावर शिकारी माशांतील पारा कित्येक पटींनी वाढला आणि उतरण्यास वीस-तीस वर्षे लागली. तानसा धरण 1892 सालचे. तेथे हा प्रसंग केव्हाच सरला असावा. धरण नवे असेल तेथे मात्र मोठ्या शिकारी माशाविषयी थोडा संयम बरा.

गेळफळ कुटून डोहात टाकून मासे गुंगवण्याची कातकऱ्यांची जुनी पद्धत आणि हल्ली उन्हाळ्यात कीटकनाशकाची बाटली ओतण्याचा प्रकार, या दोहोंना एका पंक्तीत बसवू नये. गेळफळातील सॅपोनिन कल्ल्यांवर काम करते आणि लवकर विघटित होते. एण्डोसल्फान मात्र, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंदी घातली, टिकाऊ आणि माणसालाही घातक. डोहात मासे तरंगताना दिसले आणि कारण ठाऊक नसले, तर ते फुकट मिळाले तरी उचलू नयेत.

याहून अधिक हानी मला वाटते ती निराळ्याच सल्ल्याने होते: गरोदर बाईने मासा वर्ज्य करावा. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेल्या विषबाधेत माता बऱ्याच अंशी धडधाकट आणि अर्भके मात्र मेंदूने पंगू, असे दृश्य दिसले, म्हणून भीती अस्थानी नाही. परंतु आदिवासी पाड्यांवर, जिथे डाळसुद्धा रोज मिळत नाही, तिथे काट्यांसह खाल्लेली मळी चुना, लोह आणि जीवनसत्त्वे पुरवते, आणि ती बंद करणे म्हणजे कुपोषणास आमंत्रण. हिशेब करून पाहावा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2003 साली आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम मिथिल पारा, ही मर्यादा घातली. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस ती 80 मायक्रोग्रॅम होते. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा असलेल्या शिकारी माशाचे 160 ग्रॅम, म्हणजे दोनेक तुकडे, खाताच आठवड्याचा वाटा संपतो. त्याच्या दशांश पारा असलेल्या चिमुकल्या माशांचे दीड किलो खाल्ले तरी तो संपत नाही. बारा किलोच्या मुलाचा वाटा जेमतेम 19 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या शिकारी माशाचे चाळीसएक ग्रॅम. तेव्हा मोठ्या मोरीचा तुकडा त्याच्या ताटात पडण्याआधी मळ्यांची वाटी पुढे सरकवावी.