राजगड : बखरीतील कथन आणि स्थळविस्मृती

मराठी वाङ्मयात शिवकालीन राजधानी म्हटली की रायगड डोळ्यांपुढे येतो. वेल्हे परिसरातील राजगड हा केवळ पूर्वरंग ठरतो. वस्तुतः स्वराज्याचा कारभार सुमारे पंचवीस वर्षे याच गडावरून चालला. १६५९ मध्ये सईबाईंचे निधन येथे झाले, १६६६ मध्ये आग्र्याहून निसटलेले शिवाजी महाराज येथेच परतले आणि १६७० मध्ये राजारामांचा जन्मही येथेच झाला.

या विस्मृतीचे एक कारण बखरीच्या रचनेत सापडते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिली. तीत राजगडाच्या उभारणीचा निर्देश आहे. परंतु तो ओघात येऊन जातो. कथनाचा कळस १६७४ चा राज्याभिषेक असल्यामुळे सिंहासनाचे स्थळ तेवढे वाचकाच्या मनावर ठसते. राजारामांसाठी रचलेल्या ग्रंथातच त्यांच्या जन्मस्थळाला दुय्यमत्व यावे, हे लक्षणीय होय.

सभासद गडाच्या चार माच्या सांगतो. आज पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीनच ओळखल्या जातात. चौथी म्हणजे बालेकिल्लाच काय, हा प्रश्न केवळ संहिता वाचून सुटणारा नाही. त्यासाठी प्रत्यक्ष स्थळही पाहावे लागते.

पुढे हा गड भोरच्या पंतसचिवांकडे राहिला. १९४८ मध्ये ते संस्थानही विलीन झाले. म्हणून बखरीचे अध्यापन करताना कथनातील महत्त्व आणि इतिहासातील महत्त्व यांत भेद करणे अगत्याचे ठरते. तो न केल्यास बखरकाराचा कल हाच इतिहासाचा निर्णय समजला जातो.